शुश्रूषेतले प्रश्न : रात्री एक वाजता उतरलेला ताप

(वाचकांची पत्रे संक्षिप्त केली आहेत. रुग्णाची किंवा रुग्णालयाची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी विदर्भातील एका रुग्णालयात पुरुष मेडिसिन वॉर्डात अधिपरिचारिका आहे. पावसाळ्यातील एका रात्री वॉर्डात ४२ रुग्ण होते आणि मी एकटी होते. डेंग्यूच्या पाचव्या दिवसातला २२ वर्षांचा एक मुलगा होता. चार दिवस त्याचा ताप उतरत नव्हता. रात्री दहा वाजता त्याचा रक्तदाब ११२/७४ आणि नाडी ९६ होती. एक वाजता ताप पूर्ण उतरला. घरच्यांना हायसे वाटले आणि आई तर झोपलीसुद्धा. त्या वेळी रक्तदाब १०४/८६, नाडी ११४ आणि ऑक्सिजन ९७ होता. पोटात दुखते असे तो म्हणत होता आणि दोन उलट्या झाल्या होत्या. हात गार लागले. मला ते ठीक वाटेना, म्हणून निवासी डॉक्टरांना फोन करून सांगितले, "सर, चौदा नंबर जरा बरा वाटत नाही." त्यांनी रक्तदाब विचारला आणि "शंभराच्या वर आहे ना, मग लक्ष ठेवा" असे म्हणाले. ते तेव्हा अपघात विभागात अडकलेले होते. चार वाजता मुलगा शॉकमध्ये (शरीराला पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत) गेला. अतिदक्षता विभागात हलवल्यावर तो वाचला आणि चालत घरी गेला. पण माझे काही चुकले का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

उत्तर : मुलगा चालत घरी गेला हे वाचून फार बरे वाटले. तुम्ही सांत्वन मागितलेले नाही, म्हणून "तुमचे काही चुकले नाही" एवढे लिहून मला हे पत्र बाजूला ठेवता येणार नाही. त्या रात्री जे घडले ते पायरी-पायरीने पाहू, कारण तुम्हाला जे दिसले ते अगदी बरोबर होते आणि तरीही ते डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाही.

डेंग्यूमध्ये ताप उतरण्याचा काळ हाच धोक्याचा काळ असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येऊ लागतो आणि त्याच सुमारास काही रुग्णांमध्ये केशवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बाहेर झिरपू लागतो. हे झिरपणे २४ ते ४८ तास चालते. रक्तवाहिन्यांमधला द्रव कमी होऊ लागला की शरीर वाहिन्या आवळून घेते, त्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि खालचा आकडा त्याच्या दिशेने वर चढतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णात नुसता वरचा आकडा पाहून निश्चिंत होता येत नाही. दोन आकड्यांमधले अंतर पाहावे लागते. तुमच्या रुग्णाचे हे अंतर दहा वाजता ३८ होते आणि एक वाजता १८ झाले. हे अंतर २० किंवा त्याहून कमी होणे, त्याच्या जोडीला जलद नाडी आणि गार हात असणे, याला डेंग्यूच्या उपचारांत शॉकच मानतात, मग वरचा आकडा शंभराच्या पुढे का असेना. पोटदुखी आणि वारंवार होणाऱ्या उलट्या ही तर धोक्याची ठरलेली लक्षणे आहेत. एक वाजता हे सगळे तुमच्यासमोर होते, आणि "ठीक वाटेना" ही तुमची भावना त्यातूनच आली होती. तिला आधार नव्हता असे कृपया समजू नका.

आता एक गोष्ट विचारते, ती दोष देण्यासाठी नाही. तुमच्या पत्रात श्वसनाचा दर कुठेही नाही. आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांवर या रकान्यात सगळ्या रुग्णांपुढे २० हा आकडा लिहिलेला आढळतो आणि तो मोजून लिहिलेला नसतो, हे मी तक्ते तपासण्यात घालवलेल्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज' नावाची गुणपद्धती आता आपल्याकडच्याही काही रुग्णालयांत वापरतात. श्वसन, ऑक्सिजनचे प्रमाण, रक्तदाबाचा वरचा आकडा, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना त्यात गुण दिले जातात, आणि रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असल्यास आणखी २ गुण मिळवले जातात. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे आणि ७ झाली की आणीबाणी समजायची. तुमच्या रुग्णाचे गुण मी मांडून पाहिले. वरचा रक्तदाब १०४, म्हणून १. नाडी ११४, म्हणून २. ऑक्सिजन, तापमान आणि शुद्ध यांचे शून्य. श्वसन २० धरले तर तेही शून्य, म्हणजे एकूण ३, आणि कोणालाही उठून यावेसे वाटणार नाही. पण पूर्ण मिनिट मोजल्यावर श्वसन २२ निघाले असते, आणि अशा रुग्णात ते निघण्याची शक्यता बरीच असते, तर त्याचे २ गुण मिळून बेरीज ५ झाली असती. त्या रात्री डॉक्टरांना बोलावण्याचा तुमचा अधिकार या एका न मोजलेल्या रकान्यात अडकून पडलेला असू शकतो.

त्याच वेळी हेही ध्यानात ठेवा की या पद्धतीत रक्तदाबाच्या दोन आकड्यांमधल्या अंतराला एकही गुण नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी किंवा गरोदर स्त्रियांसाठी ती बनवलेली नाही. गुण कमी आले म्हणून रुग्ण सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये. गुण कमी असूनही आजाराची जातकुळी धोक्याची असेल तर बोलवायचेच.

राहिला फोन. "बरा वाटत नाही" या शब्दांत तुम्ही तुमची काळजी सांगितली, पण अपघात विभागात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून चित्र दिसले नाही. त्याने एक आकडा विचारला, तो त्याच्या लेखी ठीक होता, आणि त्यावर विषय मिटला. अशा संभाषणासाठी एक चौकट वापरतात. मुळात ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील संदेशांसाठी होती आणि पुढे कोलोराडोतील कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेतून ती रुग्णसेवेत आली. आत्ता काय घडते आहे, त्यामागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे, अशा चार गोष्टी त्याच क्रमाने सांगायच्या. तुमचा फोन असा करता आला असता :

"सर, पुरुष मेडिसिन वॉर्डातून अधिपरिचारिका बोलते आहे. खाट चौदाचा रुग्ण शॉककडे चालला आहे असे मला वाटते, म्हणून फोन केला. वय २२, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप आत्ताच उतरला. दहा वाजता रक्तदाब ११२/७४ होता, आता १०४/८६ आहे. अंतर ३८ वरून १८ वर आले. नाडी ९६ ची ११४ झाली. हात गार आहेत, पोटात दुखते आहे, दोन उलट्या झाल्या. तुम्ही आत्ता येऊन पाहावे. तोपर्यंत हिमॅटोक्रिटसाठी रक्त पाठवू का, आणि सलाईन किती वेगाने ठेवू?"

(हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण; प्लाझ्मा झिरपला की ते वाढते.) हे म्हणायला अर्धा मिनिट लागतो. शेवटच्या दोन वाक्यांची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण डॉक्टरांना "तुम्ही यावे" असे म्हणणे आपल्याला शिकवलेलेच नसते. मी शिकवत असताना विद्यार्थिनींकडून हे वाक्य मोठ्याने म्हणवून घेत असे, आणि पहिल्या वेळी निम्म्या जणींचा आवाज शेवटी प्रश्नार्थक होई.

डॉक्टर येऊ शकत नसतील तर किती मिनिटांनी पुन्हा फोन करू ते त्याच फोनवर ठरवून घ्यावे आणि त्या वेळेला रक्तदाब, नाडी, श्वसन पुन्हा मोजून पुन्हा फोन करावा. तरीही कोणी आले नाही तर त्यांच्या वरिष्ठांना कळवावे आणि रात्रीच्या पर्यवेक्षक परिसेविकेलाही सांगावे. ही तक्रार नसते. दोन ठिकाणी अडकलेल्या डॉक्टरला त्यातून मदतच मिळते. फोनची वेळ, सांगितलेले आकडे आणि मिळालेली सूचना केसपेपरवर साध्या शब्दांत लिहावी.

आणि ४२ रुग्णांमागे एक परिचारिका ही स्थिती तुमच्या दक्षतेने सुरक्षित होत नाही, हेही मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. त्या रात्री तुम्ही चौदा नंबरकडे एक वाजता पोहोचलात हीच मोठी गोष्ट आहे. अशा रात्री पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासात ज्यांची प्रकृती झपाट्याने बदलू शकते असे चार-पाच रुग्ण निवडून त्यांच्या खाटांचे क्रमांक लिहून ठेवावेत आणि औषधांची फेरी सुरू करण्याआधी त्यांना पाहून यावे. ताप उतरत असलेला डेंग्यूचा रुग्ण त्या यादीत वर असला पाहिजे.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करते. झटके आलेल्या एका गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू होते. पहाटे सहाचा ५ ग्रॅमचा डोस देण्याआधी पाहिले तर गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मिळाली नाही, श्वसन १४ होते आणि मागच्या चार तासांत ८० मिलिलिटर लघवी झाली होती. मी डोस थांबवला आणि डॉक्टरांना कळवले. त्यांनी येऊन बाईला तपासले, पण "ऑर्डर बदलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" असे सर्वांसमोर विचारले. पुढच्या वेळी लिहिले आहे तसे देऊन टाकावे का?

उत्तर : नाही. पुढच्या वेळीही हेच करा.

हे औषध शरीरातून मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते रक्तात साठू लागते. साठत गेले की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, मग श्वास मंदावतो आणि त्याही पुढे गेल्यास हृदय थांबू शकते. म्हणून दर चार तासांच्या प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी पाहायच्या असतात : गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे, आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० मिलिलिटर आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर डोस थांबवायचा असतो. तुमच्या रुग्णात तिन्ही नव्हत्या. या अटी त्या औषधाच्या उपचारपद्धतीचाच भाग आहेत. केसपेपरवर त्या लिहिलेल्या नसल्या तरी ऑर्डरमध्ये त्या आहेतच असे समजावे लागते. त्यामुळे तुम्ही ऑर्डर बदलली असे मी म्हणणार नाही. तुम्ही ती पूर्ण वाचली.

पण थांबवणे हाही एक निर्णय आहे आणि त्याचेही धोके असतात, कारण औषध अर्धवट सुटले तर बाईला पुन्हा झटके येऊ शकतात. म्हणून डोस थांबवून गप्प बसणे हे आंधळेपणाने देऊन टाकण्याइतकेच वाईट ठरले असते. तुम्ही लगेच कळवलेत, तेथेच तुमचा निर्णय सुरक्षित झाला. यापुढे कळवताना "डोस दिला नाही" याने सुरुवात न करता "श्वसन १४, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाही, चार तासांत लघवी ८०, म्हणून सहाचा डोस थांबवला आहे, तुम्ही येऊन ठरवावे" असे सांगितलेत तर ऐकणाऱ्याच्या कानावर आधी कारण पडेल. ज्या बाईला कमरेतून भूल दिलेली असेल तिच्या गुडघ्यावरून काही कळत नाही. तिथे हाताच्या कोपराची प्रतिक्षिप्त क्रिया पाहावी.

आणखी दोन बाबी. आपल्याकडे मिळणाऱ्या ५० टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते, म्हणजे ५ ग्रॅमसाठी पाच ॲम्प्यूल लागतात. पहाटे झोपेने डोळे जड झालेले असताना पाच ॲम्प्यूल फोडणाऱ्या व्यक्तीने ते दुसऱ्या कोणाला तरी दाखवून मोजावेत. दुसरी परिचारिका नसेल तर रिकामे ॲम्प्यूल डोस देऊन होईपर्यंत ट्रेमध्ये राहू द्यावेत. आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० टक्क्यांचे १० मिलिलिटरचे ॲम्प्यूल सिरिंजसह त्याच ट्रेमध्ये असावे, कुलूपबंद कपाटात असू नये. श्वास मंदावलेल्या बाईजवळ उभे राहून किल्ली शोधावी लागणे ही फार भयंकर गोष्ट आहे.

सर्वांसमोर झालेल्या अपमानाबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, तरी तो पत्रात जाणवतो. परिसेविकेला बरोबर घेऊन त्या डॉक्टरांशी शांतपणे बोला आणि या तीन अटी छापील स्वरूपात प्रसूती कक्षाच्या भिंतीवर लावण्याची परवानगी मागा. भिंतीवर लावलेली गोष्ट कोणा एकीची हिंमत राहत नाही, ती कक्षाची पद्धत होते.

प्रश्न : आईला रुग्णालयातून घरी नेताना सिस्टरांनी मला इन्सुलिन सिरिंजमध्ये भरून दाखवायला सांगितले. मी दोन वर्षे तिला इंजेक्शन देतो आहे, त्यामुळे मला ते अपमानास्पद वाटले. त्यांनी हे करणे आवश्यक होते का?

उत्तर : होते, आणि त्यांनी वेळ काढून ते केले याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते. नेहमीच्या बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांमध्ये १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत : ४० साठी सहसा लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. ४० च्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अर्धा मिलिलिटर इन्सुलिन येते. ते १०० च्या बाटलीतले असेल तर आईच्या शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातील, आणि रक्तातील साखर इतकी खाली जाऊ शकते की ती शुद्ध हरपेल. रुग्णालयात राहिल्यावर औषध बदललेले असते, बाटली नवी असते, आणि दोन वर्षांची सवय असलेला हातच ते सर्वांत आधी विसरतो. "कळले का?" असे विचारले असते तर तुम्ही "हो" म्हणाला असता, भरून दाखवल्यावरच ते त्यांना खरोखर कळले. प्रत्येक वेळी नवी बाटली आणल्यावर तिच्यावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी-शेजारी धरून पाहा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नका.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातील जुन्या सिस्टर रुग्णाकडे नुसते पाहून "याला आज जपा" म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरे ठरते. आमच्या शिक्षिका मात्र म्हणतात की अंदाजावर काही करायचे नाही. मी कोणाचे ऐकू?

उत्तर : दोघींचेही, पण त्या काय म्हणत आहेत ते नीट समजून घे. क्रिस्टीन टॅनर या अमेरिकी परिचर्या-अभ्यासक बाईंनी २००६ मध्ये परिचारिकेच्या विचाराची एक मांडणी केली. तिच्यात चार गोष्टी येतात : लक्षात येणे, त्याचा अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर त्याकडे वळून पाहणे. जुन्या सिस्टरांना जे सहज जमते ते यातले पहिले. शेकडो रुग्ण पाहिल्यामुळे एखाद्याचा निस्तेज चेहरा, बिछान्यावर चाळवणारी बोटे किंवा कालपर्यंत बोलणारा माणूस आज गप्प असणे त्यांच्या नजरेला आपोआप लागते. तुझ्या शिक्षिका सांगत आहेत ते दुसऱ्या गोष्टीबद्दल : लक्षात आलेल्याचा अर्थ मोजमापाने पडताळून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुनी नजर रुग्णाच्या खाटेपाशी थांबवते, आणि थांबल्यावर बोटे नाडीवर गेली पाहिजेत.

अनुभवाच्या भरवशाचे काय होते ते मी स्वतःवरून सांगते. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी, हात चांगला बसलेला असताना, शिरेतली नळी धुण्यासाठी मी कपाटातून १० मिलिलिटरचे ॲम्प्यूल घेतले. डिस्टिल्ड वॉटर नेहमी त्याच कप्प्यात असे. मी ते फोडून सिरिंजमध्ये भरत होते आणि त्याच वेळी एका नातेवाइकाला जेवणाच्या वेळा सांगत होते. शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठ बाईंनी ट्रेमधले फोडलेले ॲम्प्यूल उचलले आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचले : पोटॅशियम क्लोराइड. १० मिलिलिटरच्या त्या ॲम्प्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये विरघळवून तासन्‌तास सावकाश द्यायचे असते. शिरेत एकदम गेले तर हृदय थांबते. रुग्णाच्या हाताला मी स्पर्शही केला होता. त्या बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातली सगळी पोटॅशियमची ॲम्प्यूल काढून वेगळ्या डब्यात ठेवली आणि डब्यावर लाल अक्षरांत लिहिले. तो डबा त्या वॉर्डात मी असेपर्यंत होता. मी त्या दिवसापासून औषध भरताना कोणाच्याही प्रश्नाला उत्तर दिलेले नाही; "दोन मिनिटांत सांगते" एवढेच म्हणते.

तुला घरी वाचून येणार नाही असे एक काम देते. पुढच्या पाळीला तीन रुग्ण निवड. तक्ता न पाहता प्रत्येकाच्या खाटेजवळ उभी राहा आणि त्याचा श्वास किती असेल, त्याला कसे वाटत असेल, याचा अंदाज वहीत लिही. मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. मोजते आहेस हे त्याला कळू देऊ नकोस, कारण कळले की श्वास बदलतो. नाडी धरलेलीच ठेवून मोजलेस तर त्याच्या ध्यानात येणार नाही. त्यानंतर तक्त्यावरचा आकडा पाहा. तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिही आणि फरक आढळला तर त्याच पाळीत तुझ्या शिक्षिकेला किंवा वॉर्डच्या सिस्टरला दाखव. महिनाभर हे केल्यावर वही मला पाठव. पुढच्या अंकासाठी मला त्यातले काही वापरायला आवडेल.